आईबापांचे भांडण आणि अंथरुणातले लेकरू

"पोट्टं झोपलं. बोल आता काय बोलाचं ते."

आमच्या वाडीत रात्री दहा-अकरानंतर कितीतरी घरांत हे वाक्य बोलले जाते. दिवसभर तोंड दाबून धरलेले असते. नवरा हिंगण्याहून सेकंड शिफ्ट करून परततो. बायको चार घरची धुणीभांडी करून, स्वतःचा स्वयंपाक आटोपून बसलेली असते. मग गटाचा हप्ता, दुकानदाराची उधारी, नणंदेने केलेला अपमान, मोबाईलवर कोणाचा फोन आला होता, असे एकेक निघते. कूलरचा घरघराट मोठा, म्हणून आवाज त्याहून मोठा करावा लागतो. लेकरू चार हातांवर, कूलरच्या तोंडाशी झोपलेले असते. निदान आईबापांची तशी समजूत असते.

आम्ही नोकरीने कारकून. बी.कॉम. झालो आणि एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या व हिशेब लिहीत बसलो. उरलेल्या वेळात वस्तीतल्या लोकांच्या कामांना जातो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेतला प्रवेश अशी कामे घेऊन लोक येतात आणि त्या कामांच्या मागोमाग घरातली भांडणेही येतात. पंधरा-वीस वर्षांत अशा पुष्कळ बैठकांना आम्ही बसलो आहोत. बैठकीत नवरा बोलतो, बायको बोलते, सासू बोलते, मुलीचा मामा तर सर्वांत जास्त बोलतो. शेवटी वडीलधारी माणसे म्हणतात, "लेकराकडे पाहून पटवून घ्या." ते लेकरू तिथेच दाराला टेकून बोट चोखत उभे असते. त्याच्याकडे पाहत मात्र कोणी नाही.

शहरातल्या मासिकांत या विषयावर सल्ले छापून येतात. मुलांसमोर भांडू नये, आपल्या खोलीत जावे, दार लावून शांतपणे बोलावे. वाचायला बरे वाटते. पण अमरावती रोडवरच्या या वाडीत एका बाजूला अंबाझरीची आयुध निर्माणी, दुसरीकडे हिंगण्याची एमआयडीसी, मध्ये ट्रान्सपोर्टची गोदामे, आणि या सगळ्यांत राबणारी माणसे भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहतात. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत पलंग, त्याच खोलीत अभ्यास. वर टिनाचे छप्पर. आपली खोली कोणती आणि लावायचे दार कोणते? एक दार आहे ते रस्त्यावर उघडते. तेव्हा आपल्या घरातल्या लेकराला भांडण दिसणार नाही, ऐकू येणार नाही, हा विचारच सोडून द्यावा. ते ऐकू येणारच आहे असे धरून पुढचे बोलावे.

झोपलेल्या लेकराला काय कळते, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात ॲलिस ग्रॅहम या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. सहा महिने ते एक वर्ष वयाची वीस बाळे घेतली. बाळ गाढ झोपले की त्याला एमआरआय यंत्रात ठेवायचे आणि एका पुरुषाच्या आवाजातली वाक्ये ऐकवायची. त्या वाक्यांना अर्थ काहीच नव्हता. फक्त सूर निरनिराळा होता, कधी रागाचा, कधी आनंदाचा, कधी साधा. आपल्या घरी नवराबायकोची भांडणे जास्त होतात असे ज्या आयांनी सांगितले होते, त्यांच्या बाळांच्या मेंदूत रागाचा सूर ऐकताच ताणाशी आणि भावना आवरण्याशी संबंध असलेले भाग अधिक जागे झाले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ही मारहाणीची घरे म्हणून निवडलेली नव्हती, तुमच्याआमच्यासारखी तोंडाने भांडणारी होती. बाळे अवघी वीस, तेव्हा त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत, एवढे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला कळते. पण बोलणारा परका, शब्द बिनअर्थाचे, बाळ झोपेत, आणि तरीही मेंदू सावध! मग जन्मदात्या बापाचा आवाज चढतो तेव्हा काय होत असेल?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या भागातल्या एका घरात आईची चप्पल हरवू लागली. एकदा पाण्याच्या ड्रमामागे सापडली, एकदा पलंगाखालच्या पेटीत, एकदा तर कूलरच्या टाकीत भिजत पडलेली. चार वर्षांच्या पोराचे हे काम म्हणून आईने त्याला दोन धपाटे दिले, बापाला हसू आले, शेजाऱ्यांनीही गंमत केली. अंगणवाडीच्या ताईंना मात्र पोराचे दुसरेच काही खटकत होते. खिचडी समोर ठेवली तरी तो दाराकडे पाहत बसायचा. त्यांनी त्याला मांडीवर घेऊन सहज विचारले, "चप्पल काहून लपवतो रे?" तो म्हणाला, "चप्पल नसली तं माय जात नाही."

भांडणात ती बाई दर वेळी म्हणायची, "मी चालली माह्या मायच्या घरी, सांभाळ तुहे लेकरं." ती कधी गेली नव्हती. माहेरी भावांनाच जागा पुरत नव्हती, हिला कुठली? आपण जाणार नाही हे तिला ठाऊक होते. नवऱ्यालाही ठाऊक होते, म्हणून तो "जाय ना मंग" असे बिनधास्त म्हणायचा. त्या दोघांच्या लेखी हे नुसते बोलणे होते. पोराला ते कोणी सांगितले नव्हते. मे महिन्यात नागपूरचे ऊन कसे असते हे त्याला माहीत होते. तापलेल्या डांबरावरून माय अनवाणी जाणार नाही, एवढे त्याने आपल्या परीने ठरवले होते.

मोठ्या माणसांना वाटते की भांडणात कोण खरा कोण खोटा हे लेकराला कळत नाही, म्हणजे त्याला काहीच कळत नाही. लेकराला न्यायनिवाड्याशी कर्तव्य नसते. त्याचा प्रश्न एकच असतो, हे घर उद्या सकाळी असेल ना? डेव्हिस आणि कमिंग्ज या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली याच गोष्टीला भावनिक सुरक्षितता असे नाव देऊन तिचा सिद्धांत मांडला. आईबापांच्या भांडणात मूल आपला आधार टिकेल की नाही हे चाचपत असते आणि तो टिकवण्यासाठी आपल्या बुद्धीप्रमाणे काहीतरी करत असते. कोणी मध्ये पडते, कोणी कानावर गोधडी ओढते, कोणी मुद्दाम भांडे पाडून मार खाते. भांडण आपल्यावर वळले तर दोघांचे आपसातले थांबते, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. आमच्या ओळखीची एक आठ वर्षांची मुलगी आवाज चढला की धाकट्याला काखेत घेऊन गल्लीच्या टोकाच्या हापशीपर्यंत जाऊन यायची. सगळे तिला शहाणी म्हणायचे. आठव्या वर्षी एवढे शहाणपण आले की आम्हांला त्याची भीतीच वाटते.

लहान मूल सगळ्या जगाचे कारण स्वतःलाच समजते, ही आणखी एक गोष्ट. त्याच्या शाळेच्या फीवरून भांडण झाले की त्याला वाटते आपण शाळेत जातो म्हणून हे झाले. मग सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते, बोलताना अडखळायला होते, शाळेच्या वेळी पोट दुखते. डॉक्टर तपासून म्हणतात काही नाही. पोट दुखत असतेच. त्याचे कारण डॉक्टरच्या टेबलावर सापडत नाही एवढेच. अर्थात प्रत्येक पोटदुखी घरच्या भांडणाची नसते, आधी जंताचे औषध द्यावे, हेही सांगून ठेवतो.

"आमच्या घरी भांडण नाही, आम्ही बोलतच नाही," असे अभिमानाने सांगणारी जोडपीही आम्ही पाहिली आहेत. अबोला हे काही भांडणाचे औषध नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसे आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधल्या लेकराची पोस्टमनगिरी सुरू होते. "तुह्या बापाले सांग, जेवाले वाढलं." "तुह्या मायले सांग, मले भूक नाही." बाप दोन हातांवर बसलेला असतो! निरोप पोहोचवताना लेकरू शब्द बदलते, सौम्य करते, एखादा निरोप गाळूनही टाकते. आणि मग दोन्हीकडून बोलणी खाते. याच्याही पुढची पायरी म्हणजे लाडात येऊन विचारणे, "तू कोणाचा? मायचा का बापाचा?" हा प्रश्न थट्टेतही विचारू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. एकाचे नाव घेतले की दुसरा गेला, असे लेकरू समजते.

मग काय, भांडायचेच नाही? पगार पंधरा दिवस उशिरा आला तर भांडण होईल. आम्हीही संसारी माणसे आहोत, असला उपदेश आम्ही करणार नाही. कमिंग्ज यांच्याच प्रयोगांतून एक दिलासा देणारी गोष्ट पुढे आली आहे. मुलांना मोठ्या माणसांची भांडणे अभिनयाने दाखवली गेली. काही भांडणे तशीच अर्धवट राहिली, काही मिटली. मिटलेले भांडण पाहिलेल्या मुलांची अस्वस्थता पुष्कळ कमी झाली. भांडण डोळ्यांआड मिटले आणि ते मिटले आहे एवढे मुलांना नंतर कळले, तरीही फरक पडला. आपल्या घरांत नेमके उलटे होते. भांडण लेकरासमोर होते, आणि मिटते कधी? रात्री दोन वाजता, लेकरू रडून थकून खरोखर झोपल्यावर, किंवा सकाळी नळ आला म्हणून आपोआप. त्याच्या खात्यावर उधारी तेवढी लिहिली जाते, जमा कधी दाखवलीच जात नाही.

त्या चप्पलवाल्या पोराच्या आईबापांशी आम्ही आणि अंगणवाडीच्या ताई तीन वेळा बसलो. ऐकता ऐकता लक्षात आले की भांडण कोणाच्या स्वभावाचे नव्हते, तारखांचे होते. तो ठेकेदाराकडे कामाला, पगार कधी सात तारखेला तर कधी अठराला. तिने गटातून कर्ज काढलेले, त्याचा हप्ता दर आठवड्याला ठरल्या वारी. हप्त्याच्या आदल्या रात्री भांडण ठरलेले. आम्ही कोरा कागद घेतला, एका बाजूला येणे आणि दुसऱ्या बाजूला देणे लिहिले. पैसे त्याने वाढले नाहीत. पण हिशेब रात्री काढायचा नाही, रविवारी दुपारी काढायचा, असे दोघांनी कबूल केले. "मी चालली" आणि "निघ घरातून" ही दोन वाक्ये घरात उच्चारायची नाहीत, हेही कबूल केले. तिसरी गोष्ट बापाला जड गेली. भांडण झाले तर दुसऱ्या दिवशी पोराला तसे सांगायचे. "एवढ्याशा पोट्ट्याले का सांगू भाऊ? मले लाज वाटते." लाज वाटणे साहजिक आहे. आपल्या बापाने आपल्याला असे कधी काही सांगितले होते का? तरी एका सकाळी त्याने सांगितले. अंगणवाडीला सोडताना सायकलवर बसवून म्हणाला, "काल मी आन तुही माय भांडलो. पैशासाठी. तुह्यासाठी नाही. आता मिटलं." पोराने विचारले, "मंग माय घरी हाय ना?" हे ऐकून बापाने सायकल थांबवली आणि पोराला घरी परत नेऊन माय दाखवली. त्या दिवशी अंगणवाडीला उशीर झाला. ताई काही बोलल्या नाहीत.

हे सारे दोघांचाही हात आवरलेला आहे अशा घरांसाठी झाले. जिथे हात उठतो तिथला हिशेब वेगळा. तिथे "लेकराकडे पाहून पटवून घ्या" हे वाक्य आम्ही बैठकीत बोलू देत नाही. एका घरातली सात वर्षांची मुलगी आईला मार बसू नये म्हणून मध्ये उभी राहायची. आई शेवटी तिला घेऊन निघाली, वस्तीतच दुसऱ्या गल्लीत खोली केली. तेव्हा एक वडीलधारे काकाजी म्हणाले, "बाप असून पोरीले पोरकं केलं." आम्ही त्यांना मान देतो, पण हे बोलणे आम्हांला पटले नाही. रोज रात्री दाराची कडी वाजली की जिच्या पोटात गोळा येत होता, ती पोर बाप असतानाच आधाराविना होती. नव्या खोलीत पहिले दोन महिने ती आईचा पदर मुठीत धरून झोपायची. नंतर मूठ सुटू लागली.

आपल्या माणसांना याची आठवण द्यावी लागते हेच नवल आहे. २० जुलै १९४२ रोजी आपल्याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातल्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती. हजारो बाया आल्या होत्या. बायकोला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा असा ठराव त्या बायांनी केला. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी नव्हे तर मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे. पुढे हिंदू कोड बिल रखडले, १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि १९५५ च्या विवाह कायद्याने तो हक्क आला. बौद्धांनाही तो कायदा लागू आहे. आता २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. नुसती मारहाणच नव्हे, घालूनपाडून बोलणे आणि घरखर्चाला पैसे न देणे हेही त्यात छळ म्हणून धरले आहे. बाईला राहत्या घरातून हुसकता येत नाही, मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. १८१ हा बायांसाठी आणि १०९८ हा लेकरांसाठी फोन आहे. पैसे पडत नाहीत. अंगणवाडीच्या भिंतीवर हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावेत.

वेगळे झाल्यानेही भांडण संपते असे नाही. फॅमिली कोर्टाच्या बाकावर बसलेले लेकरू आम्ही पाहिले आहे. एका बाजूला बापाचे नातेवाईक, दुसऱ्या बाजूला आईचे, आणि दोघांच्याही हातात कुरकुऱ्यांचे पुडे. कायदा म्हणतो की ताबा ठरवताना सर्वांत वरती मुलाचे हित. त्याचा अर्थ वकिलापेक्षा आईबापांनी लावायचा असतो. भेटीला नेलेल्या लेकराला "तुझी माय कोणाशी बोलते रे?" असे विचारणारा बाप आणि "बापाने दिलेलं खेळणं घरात आणू नको" म्हणणारी आई, दोघेही जुन्याच खोलीत अजून भांडत असतात.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला सहा दिशांचा अर्थ सांगितला आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांनी विहारात ऐकला असेल. पूर्व दिशा आईबाप, दक्षिण गुरू. पण पश्चिम दिशेला एकटी पत्नी नाही. तिथे बायको आणि मुले एकत्र सांगितली आहेत. आणि त्या दिशेचा मान कसा राखायचा? तर बायकोला मान देऊन, तिचा अपमान न करून. लेकराला वेगळा मान द्यायला सांगितलेलेच नाही. दारूबद्दल या पानावर पुष्कळ लिहून झाले आहे, आम्ही भर घालत नाही. रविवारी पाचवे शील लेकरूही म्हणते, एवढेच.

राहता राहिले ते अशा घरांतले, जिथे आईबाप ऐकणारच नाहीत, किंवा ऐकायला वेळ लागेल. तोवर लेकराने काय करायचे? बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना त्यांच्या आई भीमाबाई वारल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना मायेने सांभाळले. त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण तिच्यातले मीराबाईंचे काम आपणही करू शकतो हे विसरतो. एक घर, एक माणूस, ज्याच्याकडे केव्हाही जाता येते आणि जे "का आलास?" म्हणून विचारत नाही, एवढ्यानेही लेकराला पुष्कळ उभारी येते.

आमच्या गल्लीत अशी एक आजी आहे. एकटीच राहते, पेन्शनवर. भांडणाचा आवाज आला की ती दार उघडून दिवा लावते. कोणाच्या भांडणात पडत नाही, सकाळी कोणाला बोलून दाखवत नाही. आलेल्या लेकराला घोटभर चहा देते आणि पोत्यावर निजवते. एकदा एका बापाने तिच्या दारात येऊन "आमच्या घरच्या भानगडीत तुमचं काय काम?" असे विचारले. तिने सांगितले, "माह्यं काही काम नाही बाबू. पोट्टं झोपलं, सकाळी ने." तो गेला.

सध्या तिच्याकडे तीन लेकरे येतात. पगाराची तारीख पुढे गेली की पाच होतात.